कळसूबाईची अट

‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?’ हा एका गुणाचा प्रश्न आहे. चौथीतल्या मुलापासून स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या उमेदवारापर्यंत सगळे त्याचे उत्तर एका दमात देतात : कळसूबाई, उंची 1646 मीटर. गुण मिळतो आणि पान उलटते. इतिहास आणि भूगोल शिकवण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली. या काळात हे उत्तर मी असंख्य उत्तरपत्रिकांत तपासले. पण ‘ही कळसूबाई कोण होती?’ असा प्रश्न एकाही प्रश्नपत्रिकेत मला दिसला नाही. उंची विचारावी आणि नाव गृहीत धरावे, अशी आपल्या अभ्यासक्रमाची रीत आहे. शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा या न विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर लिहावे असे मनात आले. कारण ते उत्तर आपल्या शाळेशी, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांशी, फार जवळून जोडलेले आहे.

प्रथम भूगोल पाहू. कळसूबाई हे शिखर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर उभे आहे. ज्या काळ्या बेसॉल्ट खडकाने सारे दख्खनचे पठार घडले, त्याच खडकाचे हे शिखर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. पुढे ऊन, वारा आणि पाऊस यांनी मऊ भाग झिजवला आणि टणक तेवढा राहिला. म्हणून सह्याद्रीची शिखरे टोकदार कमी आणि पायऱ्यापायऱ्यांची अधिक दिसतात. माथ्यावर उभे राहिले की दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी चमकते. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेली ती प्रवरा नदी. पलीकडे रतनगड, दूर हरिश्चंद्रगड आणि पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गांचे त्रिकूट. महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला म्हणून ओळखला जाणारा बागलाणातील साल्हेरही या शिखरापुढे ठेंगणा आहे; त्याची उंची 1567 मीटर.

या परिसरात महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करून 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच मातीतले. इथल्या लोकांच्या तोंडी एक गोष्ट आहे की, कळसूबाई, रतनबाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी. एक शिखरावर राहिली, एक रतनगडावर, एक कात्राबाईच्या खिंडीजवळ. ज्या मुलखाचा नकाशा लोकांनी तीन बहिणींच्या नावांनी लक्षात ठेवला, तो मुलूख साधा नव्हे.

आता नावाकडे येऊ. मुले ‘कळस’ या शब्दावरून ‘कळसू’ असा तर्क बांधतात. सर्वांत उंच म्हणजे कळस, ऐकायला तो सोपाही वाटतो. परंतु शिखराखालच्या गावांतील कथा निराळी आहे. 1884 साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. कळसू नावाची एक कोळी मुलगी होती. तिला रानात हिंडण्याची आवड. हिंडत हिंडत ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी आली आणि एका कोळी कुटुंबात कामाला राहिली. राहताना तिने एक अट घातली : मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही काळ सारे सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केरकचरा काढायला फर्मावले. तिने ते काम केले. पण त्यानंतर लगेच ती घर सोडून डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत माथ्यावरच राहिली. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ आणि जिथे केर काढला त्या जागेला काळदरा म्हणतात, असेही तिथे नमूद आहे.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ठाऊक आहे की दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे. कळसू नावाची मुलगी खरोखर होऊन गेली, असे मी म्हणणार नाही. या कथेची वेगवेगळी रूपेही आहेत. आज लोक सांगतात त्यांतल्या काहींत कोळी कुटुंबाऐवजी पाटलाचे घर येते. गॅझेटियरातील मालक मात्र तिच्याच जमातीचा आहे. तेव्हा ही सरळसरळ वरच्या जातीने खालच्या जातीवर केलेल्या अन्यायाची कथा आहे, असे म्हणून टाळ्या मिळवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु कथा खरी नसली तरी ती जपणारी माणसे खरी असतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी काय लक्षात ठेवले, हाही इतिहासच आहे. लोकांनी तिचे रूप लक्षात ठेवले नाही, कुळ ठेवले नाही, लग्न ठेवले नाही. लक्षात ठेवली ती तिची अट, अट मोडल्याचा दिवस आणि त्या दिवशी तिने केलेली दोन कामे. राजाने बांधलेल्या किल्ल्याला राजाचे नाव मिळते, साहेबाने बांधलेल्या धरणाला साहेबाचे. पण मोलकरणीने घासलेल्या भांड्यांची जागा नाव देऊन जपून ठेवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

या नावाचे मोल कळण्यासाठी जगातल्या सर्वांत उंच शिखराच्या नावाची हकिकत शेजारी ठेवून पाहावी. इंग्रजांनी 1802 साली मद्रासपासून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ती सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन मोजत मोजत आपल्या विदर्भापर्यंत आला आणि 1823 साली वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे मरण पावला. त्याच्यामागून ही सूत्रे जॉर्ज एव्हरेस्टकडे आली आणि एव्हरेस्ट 1843 साली निवृत्त होऊन मायदेशी परतल्यावर अँड्र्यू वॉकडे. हिमालयातील ज्या शिखराला कागदोपत्री केवळ ‘शिखर क्रमांक 15’ म्हणत, ते जगात सर्वांत उंच आहे असे 1852च्या सुमारास आकडेमोडीतून दिसून आले. 1856 साली त्याची उंची 29002 फूट म्हणून जाहीर झाली. नेपाळ आणि चीन यांनी 2020 साली मिळून जाहीर केलेली उंची 8848.86 मीटर आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी शंभराहून अधिक मैलांवरून केलेली ती मोजणी किती नेमकी होती पाहा!

वॉकने या शिखराला आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचे नाव सुचवले. स्थानिक नाव सापडत नाही, हे त्याने दिलेले कारण. वास्तविक तिबेटी लोक त्या शिखराला चोमोलुंग्मा म्हणत आणि हे नाव अठराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशातही आले होते. गंमत अशी की, स्वतः एव्हरेस्टने या नावाला हरकत घेतली. आपले नाव हिंदीत लिहिता येणार नाही आणि तिथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. तरीही 1865 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले. नेपाळमध्ये ‘सागरमाथा’ हे नाव विसाव्या शतकात रूढ झाले.

आणि आकडेमोड? ती ज्या गणकांनी केली त्यांचा प्रमुख होता राधानाथ सिकदार, कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला बंगाली तरुण. 1831 साली तो या खात्यात लागला. मोजणीशास्त्रावरच्या खात्याच्या ग्रंथाच्या 1851च्या पहिल्या आवृत्तीत संपादकांनी त्याचे ऋण मानले होते. 1875च्या तिसऱ्या आवृत्तीतून, तो मरण पावल्यावर, तो उल्लेख गाळण्यात आला. त्याच्या आयुष्यातली मला अधिक मोलाची वाटणारी घटना मात्र 1843ची आहे. मोजणी खात्यातल्या मजुरांकडून एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने बेकायदा काम करून घेतले, याला सिकदारने विरोध केला. खटला झाला आणि 200 रुपये दंड झाला तो सिकदारलाच. ज्यांच्या पाठीवरून यंत्रे, साखळ्या आणि तंबू डोंगर चढत होते त्या खलाशांची नावे तर कुठल्याच आवृत्तीत आली नव्हती, म्हणून ती गाळण्याचा प्रश्नही आला नाही.

दोन शिखरे अशी शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. जगातले सर्वांत उंच शिखर कचेरीतल्या एका पत्राने साहेबाच्या नावावर झाले. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणत्याही पत्राविना, ठरावाविना, शिक्क्याविना एका कामकरी मुलीच्या नावावर राहिले. ते लोकांनी ठेवले आणि इंग्रजांना ते जसेच्या तसे लिहून घ्यावे लागले.

नाव राहिले याचे अप्रूप आपल्याला विशेष वाटावे, कारण नावे पुसली जाण्याचा अनुभव आपल्याला आहे. नाशिकच्या ज्या डोंगरातील बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्या डोंगराचे नाव तिथल्याच शिलालेखांत त्रिरश्मी, प्राकृतात तिरण्हु, असे स्वच्छ कोरलेले आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने त्याच डोंगरावर भिक्षुसंघाला लेणे दान दिले आणि आपल्या मुलाच्या राज्यातले पर्वत नावानिशी मोजले. त्यांत आपला सह्य पर्वतही आहे. नाव दगडात होते, पण वाचणारे उरले नाहीत, म्हणून पांडव आले. इतके दूर कशाला? काळेवाडीहून देहूरोडकडे गेले की शेलारवाडीची लेणी लागतात, लोक त्यांना घोरावडेश्वर म्हणून ओळखतात. तिथल्या एका लेखात धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याच्या पत्नीने, सिअगुतणिकेने, आपल्या मुलासह लेणे दान दिल्याचे कोरले आहे. नांगर धरणाऱ्याच्या घरातली बाई सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपले नाव डोंगरावर लिहवून घेते. हे आपल्या शाळेतल्या मुलींना मी दरवर्षी सांगते. ज्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या गावाच्या उशालाच हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात नववीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही कळसूबाईला गेलो होतो. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि बारी अशी ती वाट. रात्री निघून पहाटे बारीला पोहोचलो. शेतांतून वाट वर चढते, कातळ लागतात आणि जिथे कातळ उभा होतो तिथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. पूर्वी इथे साखळ्यांचा आधार घेऊन चढावे लागे. वाटेत लिंबू सरबताच्या आणि पिठलंभाकरीच्या झापाच्या टपऱ्या. त्यांचे सामान डोक्यावर घेऊन खालच्या वाडीतल्या बाया आमच्या पुढे भराभर निघून जात होत्या. आमची पोरे मात्र प्रत्येक शिडीपाशी दम खात होती. माथ्यावर एक लहानसे देऊळ आहे. चार-सहा माणसे आत उभी राहिली की भरते. हळदकुंकू, बांगड्या, नारळ. नवरात्रात इथे जत्रा भरते. आम्ही पूजेसाठी गेलो नव्हतो, पण पूजा करणाऱ्यांना हसायलाही गेलो नव्हतो. देवळाबाहेर कातळावर मुलांना बसवून मी कळसूची कथा सांगितली.

कथा संपल्यावर एका मुलीने हात वर केला. तिची आई थेरगावात चार घरची कामे करते, हे मला माहीत होते. ती म्हणाली, “बाई, ती भांडी घासणार नाही म्हणाली, बरोबर. पण मग ती भांडी रोज घासत कोण होतं?”

इतकी वर्षे ही कथा मी सांगत आले, गॅझेटियर वाचले, लोकांशी बोलले. पण इतका नेमका प्रश्न मी कुठे वाचला नव्हता. कथेत त्या दुसऱ्या बाईला नाव नाही. कळसूने नकार दिल्यावरही त्या घरात ताटे उष्टी होत होती आणि कुणीतरी ती घासत होते. घरधनीण असेल, सून असेल, कळसूहूनही गरीब अशी कुणी असेल. एकीने सोडलेले काम दुसरीच्या वाट्याला गेले की अन्याय संपत नाही, एक पायरी खाली सरकतो. 1936 साली लिहिलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी हेच दाखवले होते की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही. ती श्रमिकांची, त्यातही एकाखाली एक अशी उतरंडीने केलेली विभागणी आहे. उतरंडीत प्रत्येकाला आपल्या खाली एक मडके हवे असते. नववीतल्या त्या मुलीने हा प्रबंध वाचलेला नव्हता. तिने आपल्या आईचे हात पाहिले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला माझी आई आठवली. 1972च्या दुष्काळात मराठवाड्यातले गाव सोडून माझे आईवडील पिंपरीला आले. वडील एका भट्टीखात्यात कंत्राटी कामगार म्हणून लागले आणि आई कॉलन्यांमध्ये धुणीभांडी करू लागली. एका घरी तिच्यासाठी चहाचा कप वेगळा असे, गॅलरीतल्या फळीवर पालथा घातलेला. तो तिने स्वतः धुवायचा आणि तिथेच ठेवायचा. पहिली दोन वर्षे तिने त्या कपातून चहा घेतला. मी सातवीत असताना तिने त्या घरच्या बाईंना शांतपणे सांगितले, “ताई, तुमच्या घरातली सगळी कपबशी मी घासते. मी घासलेल्या कपात तुम्ही चहा पिता. मलाही त्याच कपात द्या, नाहीतर चहा देऊच नका.” त्या हसल्या, म्हणाल्या, “तुझं आपलं काहीतरीच.” दुसऱ्या दिवशीही फळीवर तोच कप होता. आईने भांडी घासली, ओटा पुसला, महिन्याचा हिशेब मागून घेतला आणि ते घर सोडले. त्या महिन्यात माझी नवी वही आली नाही. जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून आईने एक वही केली. मला त्या वहीची लाज वाटली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण ती वही आजही मी जपून ठेवली आहे.

आईने भांडी घासायला कधीच नकार दिला नाही. इतर घरी ती पुढे पंधरा वर्षे तेच काम करत राहिली. तिचा नकार कामाला नव्हता, त्या कपाला होता. कळसूची कथा मी आईच्या या गोष्टीवरून वाचायला शिकले. अट कोणती घातली यापेक्षा अट घातली ही गोष्ट मोठी आहे. ज्याच्याकडे देण्यासारखे फक्त हात आहेत, त्यानेही ‘हे हात कोणत्या बोलीवर कामाला लागतील ते मी ठरवीन’ असे म्हणणे, ही स्वाभिमानाची पहिली पायरी आहे. आपल्या पूर्वजांना ते म्हणण्याची मुभा नव्हती. महारकीच्या वतनात काम ठरलेले, मोबदला मालकाच्या मर्जीचा आणि नकार म्हणजे गुन्हा. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे आणि शिळे तुकडे मागणे सोडा म्हणून सांगितले, तेव्हा ते आपल्या लोकांना अट घालायलाच शिकवत होते. 1928 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही वतने कायद्याने नाहीशी व्हायला 1958 साल उजाडावे लागले.

आज आपल्या शाळेतल्या बहुसंख्य मुलांचे पालक चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव या पट्ट्यात कामाला जातात. बरेचसे कंत्राटी आहेत. पगाराची पावती मिळेल की नाही, जादा तासांचे पैसे किती, काम कधी जाईल, यातले बरेच काही बोलीत ठरते आणि बोलीतच मोडते. आठवड्याला 48 तासांची कामाची मर्यादा 1946 साली कारखाना कायद्यात आली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. घरकामगार स्त्रियांसाठी महाराष्ट्रात 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पालकसभेत मी विचारते की, किती आयांनी त्या मंडळात नोंद केली आहे, तेव्हा वर येणारे हात फार थोडे असतात. अट घालण्याचा हक्क कायद्याने दिला. ती लिहून घेण्याची सवय आपण अजून लावून घेतलेली नाही.

इथे कळसूबाईच्या देवळाबद्दल एक गोष्ट बोलणे भाग आहे. लोकांनी तिची आठवण ठेवली हे खरे. पण तिला देवी केले आणि त्याबरोबर तिची अट मागे पडली. देवीला नवस बोलता येतो, देवीची ओटी भरता येते. देवी भांडी का घासणार नाही म्हणाली, हे विचारण्याची गरज उरत नाही. कुंकवाचा थर जसजसा वाढत गेला, तसतशी खालची मुलगी दिसेनाशी झाली. हे लिहिताना माझा रोख त्या आदिवासी बांधवांच्या श्रद्धेवर नाही. माझी नजर आपल्याकडे आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता : धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण त्यांच्याच प्रतिमेला हार घालतो, मिरवणूक काढतो आणि त्यांनी घातलेल्या अटी घरी विसरून येतो. शिका ही अट होती. संघटित व्हा ही अट होती. आपल्याच घरातल्या बाईला बरोबरीने वागवा, हीसुद्धा त्यांची अट होती. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले ते याच अटीपायी. माणूस देव झाला की त्याच्या अटी पाळाव्या लागत नाहीत, म्हणून तर आपण माणसांना देव करत नाही ना, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आपल्या भाषेतला ‘बाई’ हा शब्द मला फार विचार करायला लावतो. शाळेत मुले मला बाई म्हणतात. त्यात आदर आहे. कामवाल्या बाईलाही बाईच म्हणतात. त्यात आदर किती, ते ऐकणाऱ्यालाच कळते. सावित्रीबाईंच्या नावात बाई आहे, रमाबाईंच्या नावात आहे आणि महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागेवरही तोच शब्द आहे. शब्द एक आणि त्याच्या उंची वेगवेगळ्या. या उंची सारख्या करणे, हे आपल्या शाळेसारख्या संस्थेचे काम आहे, असे मी समजते.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, आपल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात रोज दिले जाते. इथे प्रत्येक जण आपले ताट आपण घासतो. मोठी पातेली घासण्याची आणि जेवणघर झाडण्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते. तिच्यात मुलगे आणि मुली दोघांची नावे असतात आणि त्यांच्याबरोबर आम्हा शिक्षकांचीही. नव्याने दाखल झालेल्या काही मुलांच्या पालकांना हे आवडत नाही. “आमच्या मुलाला शिकायला पाठवलंय, भांडी घासायला नाही,” असे ते सांगतात. त्यांच्या रागामागचे दुःख मला समजते. ज्यांच्या घरातील बायकांनी आयुष्यभर परक्यांची भांडी घासली, त्यांना आपल्या मुलाच्या हातात राख नको वाटते. पण मी त्यांना सांगते : भांडी घासल्याने कुणी लहान होत नाही, आपले उष्टे दुसऱ्याने काढावे, असे वाटू लागले की माणूस लहान होतो. सर्वांनी मिळून केलेल्या कामाला जात नसते. कळसूने टाकलेले काम कुणा एकीवर पडू नये, असे वाटत असेल तर ते सर्वांत वाटून घ्यावे लागेल. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यातले कित्येक आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत, फ्लॅट घेतले आहेत, तुमच्या घरी कामाला बाई येते. तिला तिच्या नावाने हाक मारा. तिची सुट्टी, तिचा पगार आणि तिचे काम एका कागदावर लिहून तिच्या हाती द्या. तिच्यासाठी वेगळा कप ठेवू नका. कंपनीत ज्यांच्या हाताखाली कंत्राटी माणसे आहेत, त्यांनी त्यांची हजेरी आणि जादा तास चोख लिहावेत. आणि पालकांना विनंती ही की, मुलांना सहलीला न्याल तेव्हा शिखराची उंची जरूर सांगा, पण नावही सांगा आणि त्या नावामागची अटही सांगा.

पुढच्या वर्षीच्या चाचणी परीक्षेत, आमच्या शाळेपुरता का होईना, मी एक प्रश्न घालणार आहे : ‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर ज्या मुलीच्या नावाने ओळखले जाते, तिने कोणती अट घातली होती? ती भांडी मग कोणी घासावीत, असे तुला वाटते?’ गुण पाच. पहिल्या भागाला एक, दुसऱ्या भागाला चार.

जय भीम.